लहान कार्यगटाचे नेतृत्व

काशीस गंगेच्या काठी, दुर्गाघाट व ब्रह्माघाट या भागांत, मराठी कुटुंबांची वस्ती अठराव्या शतकापासून आहे. काशीच्या याच मराठी समाजात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर (१८८३–१९५५) हे हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे एक थोर संपादक होत. वेगाने काम करणाऱ्या लहान गटाचा नायक कसा असावा, या प्रश्नाचा विचार त्यांच्या व्यवसायापासून आरंभ केल्यास सोपा होतो.

शिवप्रसाद गुप्त यांनी ५ सप्टेंबर १९२० रोजी काशीस ‘आज’ हे दैनिक काढले. पराडकर प्रारंभापासून त्याच्या संपादनात होते. दैनिकाचे काम रोज सुरू होते आणि रोज संपते. इंग्रजी तारांचे हिंदी करावयाचे, खिळे जुळवावयाचे, मुद्रिते तपासावयाची. यांत प्रत्येक शब्दासाठी वरिष्ठांची अनुज्ञा मागत बसल्यास अंक निघणारच नाही. म्हणून शब्द आधी ठरलेले असावे लागतात. ‘मुद्रास्फीति’सारखे कित्येक शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय पराडकरांस दिले जाते, ते केवळ भाषाप्रेमाचे फळ नव्हे, कामाची ती निकडच होती. एकदा मान्य झालेला शब्द सहकाऱ्याला पुन्हा विचारावा लागत नाही, आणि तेवढा तो स्वतंत्र होतो.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना ही निकड बऱ्याच उशिरा जाणवली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा जण एकत्र आले व त्यांनी ‘अजाइल’ या नावाने एक छोटा जाहीरनामा काढला. विधी व साधने यांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद श्रेष्ठ, हे त्यातले पहिले सूत्र. पुढे झाले ते काहीसे विपरीत. आठवड्या-दोन आठवड्यांच्या फेऱ्या आणि रोजची पंधरा मिनिटांची उभ्याने होणारी बैठक सर्वत्र आली; परंतु सहकाऱ्यांनी एकमेकांना अडचणी सांगाव्यात म्हणून योजलेल्या त्या बैठकीत जो तो वरिष्ठाकडे तोंड करून कालचा हिशेब देऊ लागला. ही बैठक नव्हे, हजेरी होय.

हजेरीत वाईट बातमी कोणी सांगत नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत चुका कमी आढळतील ही तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथेच अधिक नोंदल्या गेल्या. तिने लावलेला अर्थ असा, की चांगल्या गटांत चूक बोलून दाखविण्याची भीती नव्हती. इतरत्र ती झाकली जाई. आपल्या गटात कधीच काही चुकत नाही, असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याने या निष्कर्षापाशी थोडे थांबावे. चूक सांगणाऱ्याला त्याच्याकडून पहिले उत्तर काय मिळते, यावर पुढच्या चुका त्याच्या कानी येणार की नाही हे ठरते.

१९२५ साली वृंदावन येथे संपादकांच्या संमेलनात पराडकरांनी भविष्य वर्तविले होते : पत्रे सर्वांगसुंदर होतील, त्यांची छपाई उत्तम असेल, परंतु संपादकांचे स्वातंत्र्य उरणार नाही; कारण पत्रे चालविण्यास मोठे भांडवल लागेल. ‘अजाइल’ म्हणविणाऱ्या कित्येक कार्यालयांतही आज फलक रंगीत आहेत, आलेख सुबक आहेत. काम किती दिवसांत पुरे होईल, हे मात्र ते करणाऱ्यांना न विचारताच ठरलेले असते.