अनुशोच आणि आज्ञापालन



घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड या दोन तालुक्यांतील उपदेशी कुटुंबांना समोर ठेवून हा पाठ लिहिला आहे. त्यातील विचार मात्र सर्वच साधकांस लागू पडणारा आहे.

आपल्या ज्ञानमार्गात दोषांची मुळे तीन सांगितली आहेत : विकार, विकल्प आणि हिंसा. विकाराने मन मलिन होते, विकल्पाने श्रद्धा ढळते आणि हिंसेने दुसऱ्या जीवास दुःख होते. या तिन्हींपासून सर्वथा मुक्त असा साधक विरळाच. म्हणून दोष घडला की अनुशोच करावा, असा आपला परिपाठ आहे. परंतु अनुशोच म्हणजे नेमके काय? दोष उघडकीस येईल म्हणून मन धास्तावते, ते भय होय. फळ भोगावे लागेल म्हणून मन कष्टी होते, तो स्वार्थ होय. ज्या परमेश्वराने कृपाळूपणे आपणास ज्ञान दिले, त्याच्या वचनाविरुद्ध आपण वागलो, या जाणिवेने अंतःकरण पोळते तोच खरा अनुशोच. तो खरा असेल तर आचरणात उतरल्यावाचून राहत नाही. सूत्रपाठात विचाराबरोबर आचाराचेही स्वतंत्र प्रकरण आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

म्हाइंभटांचे उदाहरण पाहा. गोदातीरीच्या सराळे गावचे हे विद्वान ब्राह्मण. शास्त्रज्ञानाचा ताठा घेऊन ते श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास आले आणि स्वामींच्या सन्निधानात तो ताठा गळून पडला. मनुष्य येथेच थांबला असता तर ती क्षणाची ओलावण ठरली असती. परंतु परंपरेनुसार शके ११९६ (इ. स. १२७४) मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात राहून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांना भेटून लीळा गोळा केल्या. जो वाद जिंकावयास आला, तो दुसऱ्याच्या मुखातील शब्द टिपून घेणारा झाला! ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हणजे एका गळालेल्या अहंकाराचे आयुष्यभर चाललेले आज्ञापालनच होय.

आता आपल्या शिवाराकडे वळू. रांजणगावची औद्योगिक वसाहत आली, पुणे-नगर रस्त्यालगतच्या जमिनींना मोल आले. दौंडकडे उसाने पाण्याचे मोल वाढविले. त्यासरशी भावाभावांत बांधाचे तंटे वाढले. एखादा उपदेशी पहाटे उठून स्मरण करतो, देवपूजा-वंदन चुकवीत नाही. आणि दिवस उगवताच भावाचा बांध कोरतो, पाण्याची पाळी मोडतो, विधवा भावजयीची शेतावर जाण्याची वाट अडवितो. विचारले तर म्हणतो, ‘मी मद्यमांसाला शिवत नाही.’ बंधूंनो, शस्त्राने प्राण घेणे एवढीच हिंसा नव्हे. भावजयीच्या डोळ्यांतील पाणी हेही हिंसेचेच माप आहे. अशा गृहस्थाने स्मरणाच्या वेळी कितीही अश्रू ढाळले, तरी बांध जागेवर येत नाही तोवर अनुशोच पुरा झाला असे कसे म्हणावे?

यास्तव क्रम असा धरावा. प्रथम दोष स्वतःशी स्पष्ट नावाने उच्चारावा. ‘कळत नकळत काही घडले असेल’ अशी पळवाट ठेवू नये. मग परमेश्वरापाशी खंत करावी. गुरूंपुढे निवेदन करून ते सांगतील ते प्रायश्चित्त घ्यावे. ज्याचे घेतले त्याचे परत द्यावे, ज्याला दुखविले त्याच्या दारी आपण होऊन जावे. आणि पुन्हा तीच वेळ येईल तेव्हा आज्ञा आठवावी. यांतील दारी जाणे सर्वांत जड; कारण देवापुढे वाकणारी मान भावापुढे वाकत नाही. परंतु अहंता तेथेच लपलेली असते, आणि तेथेच ती मोडावी लागते.

आपणास ज्ञान मिळाले म्हणून आपला दोष लहान ठरत नाही. उलट जाणून केलेला दोष अधिक भारी. तरीही निराश होऊ नये. परमेश्वर कृपाळू आहे. जीवाने पाऊल वळवावे एवढीच त्याची अपेक्षा.

मननासाठी : आपण ज्यांच्याशी बोलणे टाकले आहे अशी व्यक्ती कोण? त्यांचे आपल्याकडे काय येणे आहे? पुढील पारायणापूर्वी त्यांच्या दारी जाणे घडेल काय?

ते घडविण्याचे बळ सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.