आधी पंचांग, मग मेनू

अगं, काल तू केटररचं मेनूकार्ड दाखवलंस तेव्हा पाहुणे बसले होते, म्हणून मी गप्प राहिले. चोपन्न पदार्थ मोजले मी त्यात. कार्ड बाजूला ठेव आणि आधी पंचांग उघड.

तुझ्या लेकाचं रिसेप्शन मार्गशीर्षातल्या गुरुवारी आहे. आपल्याकडच्या निम्म्या बायका त्या दिवशी महालक्ष्मीचा उपास धरतात. संध्याकाळी पूजा करून, नैवेद्य दाखवून मगच उपास सोडतात. कितीतरी जणी तर कार्यातच दोन घास खाऊ म्हणून दिवसभर चहावर राहिलेल्या असतील. त्यांना साडेनऊपर्यंत सुपाच्या वाटीवर आणि तळलेल्या स्टार्टरवर ताटकळत ठेवू नकोस. साडेसातला ताटं सुरू झालीच पाहिजेत. स्टेजवरचे फोटो चालू राहू देत, जेवण त्यांच्यासाठी थांबायचं नाही.

दुसरं, कार्डावर भरल्या वांग्याची भाजी आहे. खंडोबा ज्यांचं कुलदैवत आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीशिवाय ताटात येत नाही. तुझे व्याही जेजुरीचे कुळाचारी आहेत. तुमची तारीख चंपाषष्ठीच्या आधी येते की नंतर, ते बघ, आणि तरीही विहीणबाईंना एक फोन करून विचार. विचारलं की त्यांनाही बरं वाटेल. कांदा-लसणाचंही तसंच. एक भाजी आणि वरण बिनकांद्या-लसणाचं ठेव, म्हणजे जैन शेजाऱ्यांची आणि उपास सोडणाऱ्यांचीही सोय होते. आणि तिथे पाटी लाव, नाहीतर म्हातारी माणसं प्रत्येक झाकण उघडून वास घेत फिरतात.

आता ऋतू. तू आमरस लिहिलायस. डिसेंबरात आमरस म्हणजे डब्यातला गर, तो कशाला? त्या दिवसांत बाजारात कोवळा मटार येतो, लाल गाजरं येतात. मटारची उसळ कर, गाजराचा हलवा कर. आणि गोडात खरी मजा गरम जिलबीत आहे. कढई तिथेच लावायला सांग. आचारी फडक्याच्या छिद्रातून पीठ सोडतो, वेटोळं फुगून वर येतं, पाकात बुडून बाहेर येतं आणि थेट ताटात पडतं. ती एक जिलबी खाल्लेला माणूस बाकीचं विसरला तरी तेवढं लक्षात ठेवतो. दुपारी तळून ठेवलेली जिलबी मात्र घेऊच नकोस, ती पाक सोडून चामट होते. मठ्ठा थंडीच्या रात्री फारसा जात नाही, त्याऐवजी टोमॅटोचं सार ठेव. कढी सुचवतील, पण ती तास-दीड तास शेगडीवर उकळत राहिली की फुटते.

चायनीज काउंटर काढून टाक. नूडल्स दहा मिनिटांत गोळा होतात. मसालेभात, वरण-भात-तूप, पुरी, दोन भाज्या, उसळ, कोशिंबीर, सार, जिलबी आणि हलवा. एवढंच, पण सगळं वाफाळतं आणि शेवटच्या पाहुण्यापर्यंत पुरणारं. इतर पदार्थ असताना शंभर माणसांना मसालेभातासाठी मी आठ किलो तांदूळ धरते, आजवर कमी पडलेलं नाही.

माझ्या लेकीच्या वेळी मी हेच चुकले. वैशाखातलं लग्न, अठ्ठावीस पदार्थ, आणि नऊ वाजता मठ्ठा संपला. तिचे आजेसासरे डोशाच्या रांगेत उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्यात ताट. जेवणार कशाने? मी धावत जाऊन खुर्ची आणली, पण तोवर भाजी त्यांच्या धोतरावर सांडली होती. ते एक अक्षर बोलले नाहीत. मला मात्र अजून ते आठवलं की पोटात तुटतं. म्हणून सांगते, बुफे असला तरी साठीच्या पुढच्या माणसांसाठी तीस खुर्च्यांची टेबलं लाव आणि तिथे दोन वाढपी ठेव. आग्रह करायला घरातली एक सून उभी राहू दे.

केटररकडे चव बघायला बोलावतात तेव्हा ताजं, नुकतंच उतरवलेलं समोर ठेवतात. तू पनीरची भाजी तासभर झाकून ठेवायला सांग आणि मग चाख. रात्री पाहुण्यांना तीच चव मिळणार आहे. किमान ताटं किती, वर किती झाली तर दर काय, हे कागदावर लिहून घे. ताटं रचताना आणि रात्री उरलेली मोजताना आपला एक माणूस शेजारी हवा. धाकट्याला सांग, तो हिशेबाला पक्का आहे.

आणि फोटोवाले, ड्रायव्हर, सनईवाले, हॉल झाडणाऱ्या बायका यांना रात्री अकरा वाजता उरलेला गार भात द्यायचा नाही. त्यांची वीस ताटं आजच आकड्यात धर.