वाचकांचे प्रश्न : टेस्ट रिपोर्टवरची सही

प्रश्न : सर, मी आयटीआयला वायरमन ट्रेड केला. माझ्याकडे तारतंत्रीचा परवाना आहे. नऊ वर्षं आमच्या भागात घरांची, पोल्ट्रीची, कृषिपंपांची फिटिंग करतो. नवीन कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून शहरातल्या एका लायसनवाल्यांकडून सही-शिक्का घेतो आणि प्रत्येक कामामागे त्यांना पैसे देतो. ते कामावर कधी येत नाहीत. आता स्वतःचं लायसन काढावं असं वाटतं. एजंट 'सगळं करून देतो' म्हणून एकरकमी आकडा सांगतो. खर्च नेमका किती येतो? काय करावं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : खर्चाकडे येतोच, पण आधी त्या सहीबद्दल बोलू. तुमच्या हातात कसब आहे आणि मनात प्रामाणिकपणा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत (आधी २०१०चे, आता २०२३चे) वायरिंगच्या कामासाठी तीन माणसं अपेक्षित आहेत. काम घेणारा राज्य शासनाचा अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदार हवा. कामावर प्रत्यक्ष देखरेख करणारा सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक हवा. आणि हाताने काम करणारा परवानाधारक तारतंत्री हवा. १९५६च्या जुन्या नियमांतही हीच रचना होती. तुम्ही यातले तिसरे. तुमचा परवाना खरा आहे, पण त्यावर स्वतःच्या नावाने काम घेता येत नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं, म्हणजे ज्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढंच या अटीतून मोकळं आहे. नवा पॉइंट काढला की अट लागू झाली.

काही वर्षांपूर्वी एका वादात माझ्यासमोर एक टेस्ट रिपोर्ट आला. इन्सुलेशन रेझिस्टन्सच्या रकान्यात '१०० मेगाओहम' असा गोल आकडा होता, खाली सही, शिक्का, तारीख. त्या तारखेला त्या घराच्या पाइपांत वायरसुद्धा ओढलेली नव्हती. घरमालकाच्या मोबाइलमध्ये त्याच आठवड्याचे फोटो होते, भिंतीतून नुसते रिकामे पाइप बाहेर आलेले. इन्सुलेशन तपासणारा मेगर त्या घरात आलाच नव्हता.

ही चाचणी करायला फार वेळ लागत नाही. मेन बंद करायचा, उपकरणं काढायची, फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या विरुद्ध ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचे. काटा एक मेगाओहमच्या खाली आला तर कुठेतरी वायर सोललेली आहे, ओल शिरली आहे किंवा खिळा घुसला आहे. एवढ्यासाठी ती सही असते.

अपघात झाला तर विद्युत कायदा २००३च्या कलम १६१खाली विद्युत निरीक्षकांकडून चौकशी होऊ शकते. काम कोणी केलं, देखरेख कोणाची होती, हे तिथे विचारतात. माणूस दगावला आणि निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कागदावर नाव त्यांचं, भिंतीत हात तुमचा. तेव्हा दोघेही अडकता. दर कामामागे पैसे देऊन तुम्ही संरक्षण विकत घेत नाही, स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करता.

आता रस्ता. अनुभवाचे दाखले जमवा आणि पर्यवेक्षकाच्या परीक्षेची तयारी करा. ती पायरी ओलांडली की ठेकेदाराच्या अनुज्ञप्तीला लागणारा सर्वात महागडा भाग घरातच आला, कारण एरवी प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक पगारावर ठेवावा लागतो. पदविकाधारक अभियंता भागीदार मिळत असेल तर तोही विचार करा, मात्र तो खरोखर कामावर येणारा हवा. नुसतं प्रमाणपत्र भाड्याने देणारा नको, नाहीतर आजचाच खेळ नव्या नावाने सुरू होईल. तोपर्यंत एखाद्या लायसनधारक ठेकेदाराकडे रीतसर तारतंत्री म्हणून नाव लावा आणि चाचणीला त्यांचा माणूस साइटवर येईल, अशी अट घाला.

खर्चात शासकीय शुल्क हा सर्वात छोटा आकडा असतो. अर्ज करायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर जे शुल्क दिसेल तेच भरा, ऑनलाइन भरा, चलन जपून ठेवा. एजंटच्या पॅकेजमध्ये शुल्क किती आणि त्यांची मजुरी किती, हे लिहून मागा. एमएसएमईची 'उद्यम' नोंदणी तर पूर्ण निःशुल्क आहे. तिचे पैसे कोणी मागितले तर तिथेच उठा.

खरा पैसा लागतो उपकरणांना (मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर, रबरी हातमोजे आणि मॅट), माणसांच्या विम्याला आणि उधारीला. साहित्य तुम्ही रोखीने आणता आणि बिल्डर तीन महिन्यांनी देतो. धंदा बुडतो तो इथे. म्हणून किमान तीन महिन्यांचं साहित्य आणि मजुरी भागेल एवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय मोठं काम उचलू नका.

जीएसटी नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की सक्तीची होते. साहित्य तुम्हीच पुरवत असाल तर तीही रक्कम उलाढालीत धरली जाते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. कंपनीचं काम घेतलंत तर व्यक्तिगत ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापला जातो. तो बुडत नाही, विवरणपत्र भरून वळता करून घ्या. आणि सरकारी टेंडर भरायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी वेगळी काढावी लागते. लायसन म्हणजे ती नोंदणी नव्हे.

प्रश्न : आमचा टूबीएचके फ्लॅट तीस वर्षं जुना आहे. रिवायरिंगसाठी एकाने १ लाख १० हजार सांगितले, दुसऱ्याने १ लाख ६० हजार अधिक जीएसटी. पहिले गृहस्थ म्हणतात, 'बिल कशाला, १८ टक्के वाचवा.' कोणाला काम द्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जीएसटी धरला तर दुसरा आकडा १ लाख ८८ हजार ८०० होतो, म्हणजे फरक जवळजवळ ७९ हजारांचा. एवढा फरक नुसत्या नफ्यात नसतो, तो कुठेतरी भिंतीत असतो. दोघांकडूनही पॉइंटवार लेखी कोटेशन घ्या. लाइट-पंख्याला १.५ चौरस मिमी वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, एसी-गिझरला ४, असं आणि वायरचा ब्रँड लिहून घ्या. तिसरी, अर्थची वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत जाणार का, ते विचारा. इतक्या जुन्या फ्लॅटमध्ये ती अनेकदा नसते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी धरला आहे का? एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. स्वस्त कोटेशनमधून आधी तोच गळतो. झिऱ्या मारल्यावर गिलावा कोण करणार आणि राडारोडा कोण उचलणार, यावरही शेवटी भांडणं होतात.

बिल न घेता काम केलंत तर उद्या वायर तापली तेव्हा तक्रार कोणत्या कागदावर करणार? लायसनची प्रत मागा, मुदत तपासा. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता मेगरची चाचणी तुमच्यासमोर झाल्यावरच द्या.

प्रश्न : सोसायटीच्या इमारतीची उंची १५ मीटरपेक्षा जास्त आहे. मीटर रूमचं काम आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर चालेल?
– सचिव, एक गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर : नाही. लायसनधारक ठेकेदारच लागेल. १५ मीटरहून उंच इमारतींना विनियमांत वेगळ्या तरतुदी आहेत आणि तिथे विद्युत निरीक्षकांचा संबंध येतो. काम सुरू करण्याआधी त्यांच्या कार्यालयात लेखी विचारणा करा आणि त्याची पोच संस्थेच्या फाइलला लावा.