इंग्रजी शब्दसंपत्तीची वाढ : मातृभाषेच्या आधाराने
(इयत्ता ८ वी ते १० वीच्या इंग्रजी अध्यापनासाठी; उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांनाही उपयुक्त)

प्रास्ताविक

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली एखादी विद्यार्थिनी अकरावीच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेते. प्रकाशसंश्लेषणाची क्रिया तिला उत्तम ठाऊक असते. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड यांचा परस्परसंबंध ती आकृती काढून सांगू शकते. परंतु वर्गात ‘फोटोसिन्थेसिस’ हा शब्द उच्चारला जातो आणि ती गप्प बसते. ज्ञान तिच्यापाशी असते, त्याचे नवे नाव तेवढे नसते. असे प्रसंग वारंवार आले म्हणजे आपल्याला विज्ञानच कळत नाही, असा तिचा ग्रह होतो. पुढे काही मुले शाखा बदलतात व काही शिक्षणच सोडतात. हे नुकसान बुद्धीच्या अभावामुळे झालेले नसते. ते शब्दांच्या अभावामुळे झालेले असते. म्हणून माध्यमिक वर्गांतील इंग्रजी शब्दसंपत्तीचा प्रश्न हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नव्हे.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय शिकविला जातो. विद्यार्थी आठवीत येतो तेव्हा नित्य व्यवहारातील बरेच शब्द त्याच्या कानांवरून गेलेले असतात. यापुढील पायरी ज्ञानव्यवहारातील शब्दांची आहे. ती चढविण्यासाठी बहुधा एकच मार्ग अवलंबिला जातो : फळ्यावर दहा कठीण शब्द, समोर त्यांचे मराठी अर्थ, आणि दुसऱ्या दिवशी पाठांतर. या मार्गाने आलेले शब्द परीक्षेपर्यंत टिकतात आणि नंतर विस्मृतीत जातात. त्याहून अधिक फलदायी मार्ग मराठी शिक्षकाच्या हाताशीच आहे. त्याचा विचार या पाठात केला आहे.

१. किती शब्द व कोणते?

इंग्रजी शब्दांचा साठा अफाट आहे. तो सर्व शिकविणे शक्य नाही व आवश्यकही नाही. ढाका येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कार्य केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे २००० मध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी, त्या यादीबाहेरचे परंतु निरनिराळ्या विद्याशाखांच्या ग्रंथांत वारंवार आढळणारे शब्द निवडून ५७० शब्दकुलांची दुसरी यादी तयार केली. त्यांनी तपासलेल्या अभ्यासविषयक लेखनातील सुमारे १० टक्के शब्द या ५७० कुलांतील होते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, दुर्मिळ व भारदस्त शब्दांमागे धावण्यापेक्षा वारंवार भेटणारे शब्द पक्के करणे अधिक हिताचे असते. दुसरी, येथे मोजणी सुट्या शब्दांची नसून कुलांची आहे. ‘प्रोड्यूस’ या एका कुलात प्रॉडक्ट, प्रॉडक्शन, प्रॉडक्टिव्ह, रिप्रॉडक्शन अशी अनेक भावंडे नांदतात. मराठीतही उत्पादन, उत्पादक, उत्पादकता, पुनरुत्पादन ही अशीच भावंडे आहेत. कुल ओळखले की प्रत्येक भावंडाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

२. मराठी परिभाषा ही किल्ली

इंग्रजीतील शास्त्रीय शब्द बहुतांशी ग्रीक व लॅटिन घटकांपासून बनलेले आहेत. मराठीतील शास्त्रीय परिभाषा बहुतांशी संस्कृत घटकांपासून बनली आहे. ही परिभाषा घडविताना अनेक ठिकाणी मूळ शब्दाच्या घटकाला घटक जुळविला गेला. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश व ‘सिन्थेसिस’ म्हणजे एकत्र जोडणे, अर्थात संश्लेषण. ‘थर्मो’ म्हणजे उष्णता व ‘मीटर’ म्हणजे मापक. म्हणून थर्मामीटर हा तापमापक. ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म व ‘स्कोप’ म्हणजे पाहण्याचे साधन. म्हणून मायक्रोस्कोप हा सूक्ष्मदर्शक. ‘जिओ’ म्हणजे भू; म्हणून जिऑलॉजी हे भूशास्त्र. ‘ट्रान्स’ म्हणजे पार. ट्रान्स्पेरंट म्हणजे पारदर्शक.

मराठी माध्यमाचा विद्यार्थी रिकाम्या हातांनी इंग्रजीकडे येत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. ‘तापमापक’ या शब्दाची फोड त्याला सहज करता येते. तीच फोड ‘थर्मामीटर’ला लावावयाची आहे, एवढेच त्याला कोणी दाखवून द्यावयास हवे. विज्ञानाच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पाच मराठी संज्ञा व त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द घटकशः मांडण्याची प्रथा पाडल्यास अकरावीच्या वर्गातील परकेपणा पुष्कळच ओसरेल. हे काम इंग्रजीच्या व विज्ञानाच्या शिक्षकांनी परस्परांच्या विचाराने करावे.

३. उपसर्ग व संधी

‘हृ’ या धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे भिन्न अर्थाचे शब्द होतात, हे विद्यार्थी व्याकरणात शिकलेले असतात. इंग्रजीतील ‘पोर्ट’ या घटकाचा मूळ अर्थ वाहून नेणे. ‘इम्पोर्ट’ म्हणजे आत आणणे, आयात. ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे बाहेर नेणे, निर्यात. ‘ट्रान्स्पोर्ट’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे, वाहतूक. ‘पोर्टेबल’ म्हणजे सहज नेता येण्याजोगे. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाच्या मुलाला आयात व निर्यात हे शब्द शिकवावे लागत नाहीत. त्यांच्या जोडीने इंग्रजी शब्द सांगितले की ते त्याच्या मनावर ठसतात.

उपसर्गाचे रूप का बदलते, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतात. नकारार्थी ‘इन्’ हा उपसर्ग ‘पॉसिबल’पूर्वी ‘इम्’ होतो, ‘लीगल’पूर्वी ‘इल्’ होतो व ‘रेग्युलर’पूर्वी ‘इर्’ होतो. हा प्रकार मराठी विद्यार्थ्याला नवा नाही. तत् + लीन यांचे तल्लीन होते, उत् + लेख यांचे उल्लेख होते, सत् + जन यांचे सज्जन होते. पुढील वर्णाच्या ओढीने मागील वर्ण बदलतो, हे तत्त्व दोन्हीकडे दिसते. अशा वेळी संधीचे दोन नियम फळ्याच्या एका बाजूस व इंग्रजी शब्द दुसऱ्या बाजूस लिहावेत.

४. ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ

प्रगत शब्दसंपत्ती म्हणजे केवळ लांबलचक शब्द नव्हेत. ‘टेबल’ हा शब्द पहिलीतील मुलासही येतो. परंतु विज्ञानाच्या पुस्तकात त्याचा अर्थ कोष्टक असा होतो. ‘सोल्यूशन’ गणितात उकल, तर रसायनशास्त्रात द्रावण. ‘बेस’ भूमितीत पाया, तर रसायनशास्त्रात आम्लारी. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे आवाजाची पातळी, ग्रंथाचा खंड किंवा पदार्थाचे आकारमान. ‘वर्क’ व ‘पॉवर’ यांना भौतिकशास्त्रात कार्य व शक्ती असे नेमके, मोजता येणारे अर्थ आहेत. अशा शब्दांबाबत विद्यार्थी बेसावध राहतो, कारण तो शब्द आपल्याला येतो असा त्याचा समज असतो. त्यासाठी वहीत एक स्वतंत्र पान राखून त्यावर शब्द, विषय व अर्थ अशी तीन रकाने असलेली नोंद करवून घ्यावी.

शब्दाचे सोबतीही शब्दाबरोबरच शिकवावे लागतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’. इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो. मराठीत पाऊस ‘मुसळधार’ असतो; इंग्रजीत तो ‘हेवी’ असतो. मराठीत चूक ‘करतात’, म्हणून विद्यार्थी ‘डू’ हे क्रियापद वापरतो. इंग्रजीत मात्र तेथे ‘मेक’ हवे. नाम शिकविताना त्याचे क्रियापदही सोबत दिल्यास अशा चुका मुळातच टळतात.

५. नमुना पाठ : ‘स्पेक्ट’ हे कुल (इयत्ता ९ वी, वेळ ३५ मिनिटे)

पूर्वज्ञान (५ मिनिटे) : शिक्षकाने परीक्षा, निरीक्षण, अपेक्षा, प्रतीक्षा, समीक्षा हे शब्द फळ्यावर लिहावेत व त्यांत समान काय आहे ते विचारावे. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा.

प्रस्तुतीकरण (१० मिनिटे) : ‘स्पेक्ट’ याचाही मूळ अर्थ पाहणे असा सांगून इन्स्पेक्ट, एक्स्पेक्ट, रिस्पेक्ट, सस्पेक्ट व स्पेक्टेटर हे शब्द वाक्यांतून मांडावेत. अर्थ आधी सांगू नयेत. वाक्यावरून तर्क करू द्यावा. नंतर फोड दाखवावी. ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे आत डोकावून पाहणे, तपासणे. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे वाटेकडे डोळे लावणे, अपेक्षा करणे. ‘रिस्पेक्ट’ म्हणजे वळून पाहणे, त्यावरून आदर. ‘सस्पेक्ट’ म्हणजे खालून, चोरट्या नजरेने पाहणे, त्यावरून संशय.

रूपांतर (५ मिनिटे) : इन्स्पेक्ट, इन्स्पेक्शन, इन्स्पेक्टर अशी क्रियापद व नामे यांची मालिका विद्यार्थ्यांनी पूर्ण करावी. उच्चारातील आघाताकडेही लक्ष वेधावे. फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक या तीन शब्दांत आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अवयवावर पडतो. मराठीत असा आघात अर्थाला आवश्यक नसल्यामुळे तो मुद्दाम ऐकवावा लागतो.

उपयोजन (१० मिनिटे) : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाविषयी दोन वाक्ये लिहावीत. तलाठ्याने केलेली पीक पाहणी, जूनमधील पावसाची अपेक्षा, कबड्डीच्या सामन्यातील प्रेक्षक हे विषय सुचवावेत. जो शब्द स्वतःच्या वाक्यात बसला, तोच आपला झाला.

मूल्यमापन (५ मिनिटे) : पूर्वी न शिकविलेला ‘स्पेक्टॅकल्स’ हा शब्द देऊन त्याचा अर्थ तर्काने काढावयास सांगावे. उत्तर चष्मा असे आले, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

६. उजळणीचे वेळापत्रक

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या मजकुराचे विस्मरण प्रथम झपाट्याने व नंतर संथपणे होते, असे त्यांना आढळले. म्हणून एका दिवसात दहा वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने अशी अंतराअंतराने उजळणी करावी. प्रत्येक वेळी शब्द नव्या वाक्यातून यावा आणि अर्थ वाचून दाखविण्याऐवजी आठवावयास लावावा.

आठवड्यास एकच कुल घेतले तर वर्षातील ३० अध्यापन-आठवड्यांत ३० कुले होतात. आठवी ते दहावी या तीन वर्षांत ती ९० होतील. प्रत्येकी पाच शब्द धरले तरी ४५० शब्द पदरी पडतील. वेग मंद वाटला तरी हा संचय टिकाऊ असतो.

७. सावधगिरी

फोड ही तर्काची सुरुवात आहे, अखेरचा निर्णय नव्हे. पेट्रोलच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द लिहिलेला असतो. आरंभीचा ‘इन्’ नकारार्थी समजणारा विद्यार्थी त्याचा अर्थ ‘पेट न घेणारे’ असा करील. वस्तुतः त्याचा अर्थ ‘चटकन पेट घेणारे’ असा आहे. अशी चूक जीवावरही बेतू शकते. त्याचप्रमाणे ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अनमोल. म्हणून प्रथम फोड, मग वाक्याशी पडताळा आणि शेवटी शब्दकोश, हा क्रम वर्गात कटाक्षाने पाळावा. वर्गात एक तरी शब्दकोश विद्यार्थ्यांच्या हाती लागेल अशा ठिकाणी असावा. कपाटात बंद असलेला कोश असून नसल्यासारखा.

तसेच वर्गात इंग्रजी शब्द चुकल्यास हसण्याचा प्रसंग येऊ देऊ नये. चुकीचा तर्क करणारा विद्यार्थी निदान विचार करीत असतो. त्याला एकदा गप्प केले की तो पुढे तर्क करणेच सोडून देतो.

समारोप

मराठी ही इंग्रजीच्या मार्गातील अडचण आहे, असा समज अनेक पालकांत व काही प्रमाणात शिक्षकांतही रूढ आहे. वरील विवेचनावरून हा समज साधार नाही, असे दिसून येईल. ज्याला आपल्या भाषेतील शब्द कसा घडतो हे कळते, त्याला दुसऱ्या भाषेतील शब्दाची घडण समजण्यास अवघड जात नाही. यास्तव पाचवी ते सातवीच्या वर्गांत मराठीतील उपसर्ग, प्रत्यय व संधी जितके उत्तम शिकविले जातील, तितका माध्यमिक वर्गांतील इंग्रजीचा पाया भक्कम होईल. प्राथमिक शिक्षकाने शिकविलेला एक संधी पुढे अकरावीच्या वर्गात एखाद्या मुलीला हात वर करण्याचे धैर्य देऊ शकतो.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. इयत्ता ८ वीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील दहा मराठी संज्ञा निवडून त्यांच्या व इंग्रजी प्रतिशब्दांच्या घटकांची तुलना करा. घटक कोठे जुळत नाहीत, तेही नोंदवा.
२. ‘पोर्ट’ किंवा ‘स्ट्रक्ट’ या कुलावर ३५ मिनिटांचे पाठटाचण तयार करा.
३. मराठीच्या वळणाने विद्यार्थी इंग्रजीत जे चुकीचे शब्दप्रयोग करतात, त्यांतील पाच नोंदवून त्यांवर उपाय सुचवा.
४. आपल्या शाळेत भाषा व विज्ञान या विषयांच्या शिक्षकांचे सहकार्य कोणत्या प्रकारे घडवून आणता येईल?