रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं दुखतंय

पालकहो,

मूल सायकलवरून पडतं, नाहीतर कबड्डीत कुणाचा तरी गुडघा डोक्यावर बसतो. टेंगूळ येतं, एखादी उलटी होते, तुम्ही धावतपळत दवाखाना गाठता. सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, नॉर्मल आहे.’ तुमचा जीव भांड्यात पडतो. मग दोन आठवडे होतात, टेंगूळ केव्हाच बसलेलं असतं, तरी शाळेतून आलेलं मूल डोकं धरून बसतं. पुस्तक उघडलं की ठणकतं, टीव्हीचा आवाज सहन होत नाही. आणि घरात कुणीतरी बोलून जातं, ‘रिपोर्टमध्ये काही नाही ना? मग अभ्यास टाळायची निमित्तं आहेत ही!’

कळकळीने सांगते, मुलावर विश्वास ठेवा.

सीटी स्कॅनमध्ये कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, मेंदूतला रक्तस्राव दिसतो. हिसक्याने मेंदूच्या पेशींचं काम विस्कळीत होतं, ते त्यात दिसत नाही. डोक्याला बसलेला हा मुका मारच. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. या काळात पेशींना ऊर्जा जास्त लागते आणि ती पुरेशी मिळत नाही. म्हणून वाचन, उजेड, गोंगाट अशा एरवीच्या गोष्टीही झेपत नाहीत. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. पण दवाखान्यात आणाव्या लागलेल्या मुलांपैकी साधारण तिघांतल्या एकाला महिन्यानंतरही काही ना काही त्रास राहतो. ज्यांना आधीपासून अर्धशिशी आहे किंवा पूर्वीही असा मार लागलाय, त्यांना तो जास्त रेंगाळतो.

पहिले २४ ते ४८ तास विश्रांती द्या, मोबाइल आणि टीव्ही कमीत कमी ठेवा. त्यानंतर मात्र आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका. त्याने बरं व्हायला उलट उशीर होतो. थोडं चालणं, थोडं वाचन सुरू करा. त्याने दुखणं किंचित वाढलं आणि तासाभरात शांत झालं, तर तेवढं चालतं. जास्त दुखलं तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी थोडं कमी करून बघा. शाळा सुरुवातीला अर्धा दिवस, क्लास नंतर.

गोळ्यांबाबत जपा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. रोज गोळी द्यावी लागतेय, असं दिसलं तर डॉक्टरांकडे परत जा. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखू लागतं.

एका वहीत दुखण्याची वेळ, झोप, जेवण लिहून ठेवा. उपाशी शाळेत जाणं आणि रात्रीचं जागरण यांनी दुखणं वाढतं. मान आखडली आहे का, वाचताना अक्षरं दोन दिसतात का, हेही विचारा. मानेच्या दुखण्यावर फिजिओथेरपीचा उपयोग होतो. पण दर तासाला ‘दुखतंय का?’ विचारू नका, त्याने मुलाचं सगळं लक्ष दुखण्यातच अडकतं. मूल चिडचिड करेल, मागे पडण्याच्या भीतीने रडेलही. तेव्हा त्याला जवळ घ्या.

दुखणं वाढतच चाललं, वारंवार उलट्या झाल्या, मूल गुंगीत गेलं, फिट आली, बोलणं अडखळलं, हातापायातलं बळ गेलं किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करा. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान, दहीहंडीचे थर, सायकल, सगळं बंद. पहिला मार बरा होण्याआधी बसलेला दुसरा मार जिवावर बेतू शकतो.

तीन महिने उलटले तरी दुखत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. यावर उपचार आहेत. आणि डॉक्टरांकडून शाळेसाठी चिठ्ठी जरूर घ्या: मध्ये विश्रांती, पेपरला जास्त वेळ, तूर्त पीटीला सुट्टी. ती घेऊन वर्गशिक्षकांना स्वतः भेटा. मुलाची बाजू मांडायला तुम्ही उभे राहिलात, की बरं होण्याच्या वाटेवर ते एकटं नसतं.