आजीच्या पेटीतले सोने

माझे आजोबा बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. एकदा कोळशात सापडलेला पिवळा, चकाकणारा खडा त्यांनी घरी आणला. आजीने तो तांबड्या कापडात बांधून पेटीत जपून ठेवला. "तुझ्या शिक्षणाला पैसा कमी पडला तर हे आहे," असे ती मला नेहमी सांगे. यंदा फी भरायची वेळ आली तेव्हा तिने ती पुरचुंडी माझ्या हाती दिली. सराफाकडे जाण्यापूर्वी, भूगोलाचा विद्यार्थी म्हणून आपणच परीक्षा करावी असे मी ठरवले.

नुसत्या रंगावर जाऊ नये. चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत, बिनचकाकीची कडा घेऊन तिच्यावर खडा घासला. या रेघेला खनिजशास्त्रात 'कस' म्हणतात. सोन्याचा कस पिवळाच येतो. माझी रेघ हिरवट काळी आली. तेव्हाच मन खट्टू झाले. मग पोलादी चाकूने ओरखडा काढू लागलो, तर तो निघेना. सोने मऊ, त्याची कठिनता अडीच ते तीन. या खड्याची सहाच्या वर असली पाहिजे. दिसायला असेच असणारे तांब्याचे खनिज, चाल्कोपायराइट, तेही चाकूने ओरखडते. खड्याला बारीक घनाकृती पैलूही होते. शेवटी प्रयोगशाळेत वजन केले : हवेत 84 ग्रॅम, पाण्यात 67. म्हणजे घनता पाचाच्या आसपास, सोन्याची 19.3. आता शंकेला जागा उरली नाही. हा पायराइट, लोह आणि गंधक यांचे संयुग.

मग त्याचे मोल काय? गंधक निम्म्याहून अधिक, म्हणून त्यापासून सल्फ्यूरिक अम्ल करीत. बिहारात अमझोर येथे त्यासाठीच पायराइटची खाण चालवली गेली. आज गंधक मुख्यतः तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळते, त्यामुळे ती मागणी ओसरली. स्पेनमधील नावाहून येथे निघणारे रेखीव घन संग्राहक हौसेने विकत घेतात. आमचा खडा ओबडधोबड, कोळशाचे कण चिकटलेला. बाजारात त्याला कोणी काही देणार नाही.

एक गोष्ट मात्र मला आधी कळायला हवी होती. खडा बांधलेल्या कापडाला डाग पडून ते जागोजाग विरले होते. आजी कसरीला दोष देत असे! वास्तविक दमट हवेत पायराइट हळूहळू बदलतो व अम्ल तयार होते. कापड त्यानेच खाल्ले. त्याच पेटीत तिचा लग्नातला शालू आहे.

आजीला सारे खरे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि फी रे?" फी मामांनी भरली. खडा आता घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोरड्या जागी, माझ्या टेबलावर असतो. कापड मात्र आजीने टाकू दिले नाही.