उघड्या मुळांचे गुलाब : निवड व लावणी

नाशिकास मोगल अमदानींत गुलशनाबाद म्हणत. तें नांव गेलें, तरी गुलाबास मानवणारी हवा गेलेली नाहीं. इंदिरानगरासारख्या वस्तींत घरापुढें चार हात जमीन, किंवा मळ्यांत विहिरीजवळ मोकळी जागा असलेले पुष्कळ गृहस्थ हल्लीं हायब्रीड टी वर्गाचा गुलाब लावूं पाहतात. अशीं रोपें थंडींत दूरच्या रोपवाटिकांतून, मुळाशीं माती न ठेवतां, ओल्या शेवाळांत गुंडाळून येतात. त्यांतील बरींच पुढचा उन्हाळा पाहत नाहींत. त्याचें कारण बहुधा लावणींत सांपडतें.

या वर्गाचा आरंभ १८६७ सालच्या 'ला फ्रान्स' या फ्रेंच वाणापासून धरण्याची चाल आहे. लांब दांड्यावर बहुधा एकेकच मोठें फूल, हें त्याचें लक्षण. रानगुलाबाच्या खुंटावर इष्ट वाणाचा डोळा भरून रोप तयार करतात. डॉगरिज खुंटावर द्राक्ष चढविणाऱ्या बागाइतदारास हें नव्यानें सांगावयास नको.

पिशवींतल्या रोपाचीं मुळें दिसत नाहींत. उघड्या रोपाचीं दिसतात, आणि हाच त्याचा मोठा गुण. म्हणून यादींतील रंगीत चित्रापेक्षां मुळांकडे अधिक पाहावें. शिसपेन्सिलीएवढ्या जाड, हिरव्या, टणक अशा निदान दोन-तीन काड्या असाव्या. सालीस सुरकुती नसावी. मुळें चोहोंकडे पसरलेलीं व लवचिक असावीं. जोडाजवळ किंवा मुळांवर खडबडीत गांठ आढळल्यास तें रोप फुकट मिळालें तरी घेऊं नये. तो जिवाणूंचा रोग असून जमिनींत वर्षानुवर्षें टिकतो. वाणांपैकीं 'ग्लॅडिएटर' हा लाल गुलाब महाराष्ट्रांत उघड्या शेतांत पुष्कळ काळ रुळलेला आहे; नवख्यानें त्यापासून सुरुवात करण्यास हरकत नाहीं.

लावणीस ऑक्टोबर अखेरपासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. फेब्रुवारीनंतर ऊन चढतें आणि नवीं मुळें सुटण्यापूर्वींच पालवी पाणी मागूं लागते. त्या वेळीं स्वस्तांत मिळालेलें रोप शेवटीं महाग पडतें.

पार्सल येतांच सोडावें. मुळें सावलींत सहा ते बारा तास पाण्यांत ठेवावीं. मोडकीं व काळीं पडलेलीं टोकें धारदार कात्रीनें छाटावीं. पाण्यांतून काढलेलें रोप उन्हांत घटकाभरही ठेवूं नये. ओल्या गोणपाटांत झांकून खड्ड्यापर्यंत न्यावें. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल असावा आणि तो आधींच खणून तापूं द्यावा. रोपांमध्यें अडीच फूट अंतर ठेवावें. काळ्या, चिकण जमिनींत पाणी तुंबतें. तेथें वाफा वीतभर उंच करून मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें. ताजें शेण व रासायनिक खत मुळांजवळ मुळींच नको. निंबोळी पेंड मूठभर चालेल.

खड्ड्याच्या तळाशीं मातीची लहान टेकडी करून तिच्यावर मुळें छत्रीसारखीं पसरावीं, माती हातानें दाबावी आणि भरपूर पाणी द्यावें. आतां मुख्य गोष्ट. डोळ्याचा जोड जमिनीच्या वर निदान दोन इंच राहिला पाहिजे. इंग्रजी पुस्तकें तो मातीखालीं पुरावयास सांगतात. तो सल्ला बर्फ पडणाऱ्या देशाचा आहे. आमच्या निफाडाकडे पारा कधीं कधीं ५ अंशांखालीं उतरतो, तरी जमीन गोठत नाहीं. येथें पुरलेला जोड पावसाळ्यांत कुजण्याचा धोका असतो, आणि जोड दिसेनासा झाला म्हणजे खुंटाचा फुटवा ओळखतां येत नाहीं. हा फुटवा जोर करून मूळ वाणास मारतो, आणि दोन वर्षांनीं मालक म्हणतो, "गुलाब बदलला!" सात पानांचा तो रान व पांच पानांचा तो खरा, ही प्रचलित खूण भरंवशाची नव्हे. जोडाखालून निघालेली प्रत्येक फांदी रान समजावी व ती उगमापासून ओढून काढावी. नुसती छाटल्यास पुन्हां फुटते.

काड्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर, चार-पांच डोळे राखून छाटाव्या. कोंब सुटेपर्यंत वर गवताची विरळ सावली करावी व आळें ओलसर ठेवावें, चिखल करूं नये. पहिलें फूल आलें तर लांब दांड्यासह तोडूं नये. त्या पानांवरच मुळांचें पोषण चालतें.